‘फोन करून या’ म्हटलं, आणि आत्यांनी येणंच सोडलं

पत्र:

मावशी, नमस्कार. मी मूळची पुण्याची. लग्न होऊन सहा वर्षं झाली. आम्ही बेळगावात टिळकवाडीला, रेल्वेच्या थर्ड गेटजवळ फ्लॅटमध्ये राहतो. मिस्टर उद्यमबागला कारखान्यात आहेत आणि मी बेंगळूरच्या एका कंपनीचं काम घरून करते, सोमवार ते शुक्रवार. सासूबाई धाकट्या दिरांकडे गावी असतात, खानापूरच्या पलीकडे. बायकांना बस फुकट झाल्यापासून गावाकडचं कुणी ना कुणी सारखं येत असतं. आधी कळवायची पद्धतच नाही. गेल्या महिन्यात ऐन मीटिंगमध्ये बेल वाजली. दारात मिस्टरांच्या आत्या, बरोबर त्यांची शेजारीण आणि हातात पाणी गळणारी पिशवी. मी दार उघडून पुन्हा लॅपटॉपसमोर बसले, तर आत्या मागून येऊन कॅमेऱ्यात डोकावल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, “काय गे, भरदुपारी टीव्ही बघायलीस काय?” पलीकडची सगळी टीम हसली. मी कानातलं न काढताच म्हटलं, “आत्या, यायच्या आधी फोन करत जा ना, प्लीज.” दोघी पाणीसुद्धा न पिता निघून गेल्या. तेव्हापासून आत्या आलेल्या नाहीत, सासूबाई फोन उचलत नाहीत आणि भावकीत मी ‘पुण्याची शिष्ट’ झाले आहे. मिस्टर म्हणतात, तुम्ही बायका बघून घ्या. फोन करून या म्हणणं हा गुन्हा आहे का? त्या आणतात ती भाजीही आम्हाला लागत नाही, सगळं ऑनलाइन मागवतो. दारावर ‘काम चालू आहे, बेल वाजवू नये’ अशी पाटी लावू का?

– एक सून, टिळकवाडी

उत्तर:

गुन्हा नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं जरा शांतपणे वाचशील. पगार घेऊन करायचं ते काम, मग ते कारखान्यात असो नाहीतर जेवणाच्या टेबलावर. त्यात कुणी मधे येऊ नये असं वाटण्यात शिष्टपणा कसला? पण तुझ्या घरात ही गोष्ट आत्यांना कुणी कधी समजावून सांगितली आहे, असं तुझ्या पत्रातून दिसत नाही. गावाकडं कामाला गेलेली बाई घरात सापडत नाही. ती शेतात असते, नाहीतर मजुरीवर. घरात आहे म्हणजे मोकळी आहे, आणि दार उघडलं म्हणजे ‘या’ म्हटलं. आत्यांनी काय बघितलं? सून पंख्याखाली खुर्चीत बसली आहे, समोर पडदा आहे आणि त्यात माणसं बोलताहेत. त्याला टीव्ही म्हणणं हा टोमणा नव्हता गे. त्यांनी दिसलं ते सांगितलं. टीम हसली म्हणून तुला तो लागला.

आता बसचं. कर्नाटकात शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली. साध्या बसमध्ये आधार दाखवलं की कंडक्टर बाईच्या हातात शून्याचं तिकीट ठेवतो. (आधार महाराष्ट्राचं असलं तर आपल्या बसमध्ये पूर्ण पैसे पडतात. म्हणून सीमेपलीकडच्या चंदगडच्या पाहुण्यांना हा फुकट प्रवास नाही. तुझी तक्रारही बघ, सगळी खानापूरकडचीच आहे.) त्याच्या आधी नंदगड-जांबोटीकडची बाई बेळगावला यायची तर महिन्याची कामं साठवून यायची. डोळ्यांचा डॉक्टर, बांगड्या, गणपत गल्लीतली खरेदी, कुणाचं तरी बारसं, सगळं एका खेपेत. तिकिटाचे पैसे लेकाकडे मागायचे आणि ‘कशाला जायलीस?’ याचं उत्तर द्यायचं. आता मागायचं नाही आणि सांगायचंही नाही. साठी उलटल्यावर एखादी बाई पहिल्यांदाच, मनात आलं म्हणून घराबाहेर पडते आहे. तिचा हा आनंद तुझ्या मीटिंगवर येऊन आदळतो, ते खरंच आहे. पण आधी एक खेप होती तिथं आता चार झाल्या, त्या तुला छळायला झालेल्या नाहीत.

आणि एक गोष्ट आत्या तुला जन्मात सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. सकाळी सातला घर सोडलेली बाई दुपारी एकपर्यंत बाजारात हिंडते, तेव्हा ती कुठं जाते? हॉटेलात नुसतं तेवढ्यासाठी शिरायचा तिला धीर होत नाही. बाजारात जी काही सोय असते तिथं पदर नाकाला लावूनही पाऊल टाकवत नाही. म्हणून या बायका शहरात यायच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. चहासुद्धा अर्धा कप घेतात. खानापूरकडून येणारी बस तुमच्या बाजूनंच शहरात शिरते. थर्ड गेटला उतरलं की चार पावलांवर भाच्याचं घर, हा त्यांच्या अख्ख्या दिवसाचा आधार असतो. आठवून बघ, आत्या तुझ्याकडे आल्या की पिशवी टेकवून आधी कुठं जातात? मग हातपाय धुतात, मग पाणी मागतात, मग पंख्याखाली पाय लांब करतात. चहा शेवटी. त्या दिवशी त्या पाणी न पिता गेल्या, म्हणजे बाकीचंही काही न करता गेल्या. तिथून पुढं बस मिळेपर्यंत त्यांनी काय केलं असेल, ते तूही बाई आहेस, तुला कळेल.

पाहुणचार म्हटला की आपण चहा-पोहे, साडी-चोळी आणि मानपान यांचाच विचार करतो. या बायकांना त्यातलं काही नको असतं. संडास, पाणी, तासभर बसायला जागा आणि जड पिशवी ठेवायला कोपरा एवढंच लागतं, आणि ते तू मीटिंग न सोडताही देऊ शकतेस.

आता शेजारणीचं. तुझ्या पत्रात ती एका शब्दात येऊन जाते, पण माझ्या मते सगळं बिनसलं ते तिच्यामुळं. आत्यांनी तिला बसमध्ये काय म्हटलं असेल? “चल गे, माझ्या भाच्याचं घर हाय, जरा पाय टेकू.” ज्या बाईसमोर भाच्याच्या घराची मिजास दाखवली, तिच्यासमोरच तू त्यांना यायची रीत शिकवलीस, तीही कानातलं न काढता, मान अर्धीच वळवून. तेच वाक्य आत्या एकट्या असताना, चहा झाल्यावर, जिन्यापर्यंत सोडायला जाताना म्हटलं असतंस, तर त्यांनी ‘बरं बाई’ म्हणून सोडून दिलं असतं. मोठ्या माणसाला चारचौघांत सांगू नये ही रीत जुनी आहे, पण मला ती आजही बरोबर वाटते. तुझ्या कंपनीतल्या साहेबानं टीमसमोर तुला ‘आधी विचारत जा’ म्हटलं तर तुला कसं वाटेल? आत्यांनाही तसंच वाटलं.

आणि पुण्याचं. ‘आमच्या माहेरी फोन केल्याशिवाय कुणी येत नाही’ असं एखाद्या वेळी तुझ्या तोंडून गेलं असेल असा माझा अंदाज आहे, नाहीतर भावकीला ‘पुण्याची शिष्ट’ इतकं पटकन सुचलं नसतं. इथं वादात पुण्याचं नाव घेतलं की अर्धा खटला तिथंच हरलीस म्हणून समज. हे कटाक्षानं टाळ.

तुझ्या मिस्टरांवर मात्र मी खरी चिडले आहे. आत्या कुणाच्या? त्यांना अंगाखांद्यावर खेळवलं कुणी? ‘तुम्ही बायका बघून घ्या’ म्हणून हा गृहस्थ उद्यमबागला निघून जातो, आणि नवऱ्याच्या नातेवाइकांना नियम सांगायचं काम परगावाहून आलेल्या सुनेवर पडतं. ती सांगते आणि वाईट होते. हेच त्यांनी सांगितलं असतं, “आत्या, हिचं ऑफिस घरातच असतं, संध्याकाळपर्यंत तिला उठता येत नाही,” तर आत्यांनी चार बायकांना कौतुकानं सांगितलं असतं की आमची सून बेंगळूरचं ऑफिस घरातून चालवते. हे पत्र छापून येईल तेव्हा त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेव.

आता काय करायचं ते. फोनवर माफी मागू नकोस. एक तर आत्यांचा स्वतःचा फोन आहे की नाही हे तू लिहिलेलं नाहीस. बहुतेक घरांत तो नातवाच्या हातात असतो, आणि खानापूरच्या पलीकडं जंगलपट्टीत पावसाळ्यात लाईट गेली की रेंजही जाते. म्हणजे ‘फोन करून या’ हे तुला जितकं सोपं वाटतं तितकं त्यांना नाही. येत्या रविवारी दोघं गावी जा. आधी आत्यांच्या घरी, मग सासूबाईंकडे. क्रम चुकवू नका आणि सासूबाईंना मधे घालू नका. आत्यांचा राग गेला की त्यांचा अबोला आपोआप सुटेल. मिस्टरांनी बोलायला सुरुवात करायची. तू फक्त एवढंच म्हण, “आत्या, त्या दिवशी तुम्हाला पाणी न देता जाऊ दिलं, ते माझं चुकलं.” फोनबद्दल माफी मागायची नाही, कारण तिथं तुझं काही चुकलेलं नाही. आत्या म्हणतील, “जाऊ दे गे, त्यात काय एवढं.” त्यावर लगेच सुटका झाल्यासारखी हसू नकोस. थोडा वेळ बस, भाकरी खा.

निघताना दिवस ठरवून ये. शनिवार हा बेळगावच्या बाजाराचा दिवस आणि तुझ्या सुट्टीचाही. “शनिवारी बाजाराला याल तेव्हा जेवायला आमच्याकडेच,” असं स्वच्छ निमंत्रण दे, म्हणजे मधल्या वाराच्या निम्म्या खेपा न सांगता कमी होतील. उरतात दवाखान्याच्या खेपा, त्या वार बघून येत नाहीत. त्यासाठी मिस्टरांनीच सांगून ठेवायचं: “आत्या, दार उघडून ही परत कामाला बसली तर आतल्या खोलीत जा, हातपाय धुवा, फ्रिजात ताक आहे, पडून घ्या. दीडला ती उठते.” आणि पुढच्या वेळी आत्या आल्या की एकदा त्यांना शेजारी बसवून तो लॅपटॉप दाखव. कोण कुठून बोलतंय, महिन्याच्या शेवटी पैसे कसे येतात, सगळं सांग. ज्या बाईनं आयुष्यभर रोजगार केलाय तिला रोजगार ओळखायला वेळ लागत नाही.

ती गळकी पिशवी. त्यात काय होतं ते तू लिहिलंच नाहीस, उघडून तरी बघितलीस का? पावसाचे दिवस होते म्हणजे अळूची पानं असतील, कदाचित अळंबी. ती पहाटे उठून शोधायला लागतात आणि संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत. ‘आम्हाला लागत नाही’ हे माझ्याकडे लिहिलंस ते ठीक, पण तिथं बोलू नकोस. तुझ्या घरी टेकायचा मोबदला म्हणून त्या ती पिशवी आणतात. ती तू घेतलीस तर त्या हक्कानं पंख्याखाली बसतात. नको म्हटलंस तर त्या फुकट्या ठरतात, आणि बस फुकट झाली म्हणून कुणी आपल्याला फुकट्या म्हणेल याची धास्ती या बायकांना आधीच खूप आहे. पिशवी घे, भाजी कर. नाहीच जमलं तर वरच्या मजल्यावर दे आणि आत्यांना सांग की शेजाऱ्यांनीही वाखाणली.

हे वाचणाऱ्या आत्या, काकू आणि मामी असतील, त्यांनाही दोन शब्द. सून दार उघडून परत खुर्चीत गेली तर तिला हाक मारू नका, ती पगारावर आहे. बरोबर कुणाला आणायचं तर एकीला आणा, तिघींना नको. फ्लॅटमध्ये चपला शेजाऱ्याच्या दारात जातात, तेवढं बघा. आणि ‘मूलबाळ कधी’ हा प्रश्न बसमध्येच विसरून या.

राहता राहिली पाटी. लावू नकोस. आत्या ती वाचून जिना उतरतील आणि पुन्हा चढणार नाहीत. कुरिअरवाला ती वाचूनही बेल दाबेल. त्यापेक्षा बेलचा आवाज कमी करून घे, वायरमन अर्ध्या तासात करून देतो. आणि शनिवारचं निमंत्रण देताना त्या शेजारणीलाही तिचं नाव घेऊन बोलव. नाव माहीत नसेल तर रविवारी आत्यांना विचारून ये.