कोणत्या तासाला मोबाइल चालतो?

"मॅडम, घरी तीन-तीन तास मोबाइलवर मान न हलवता बसतो, मग वर्गातच लक्ष का लागत नाही? याला एडीएचडी तर नाही ना?" नववी-दहावीच्या मुलांच्या आया माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात त्या बहुतेक वेळा हाच प्रश्न घेऊन. शाळेतून चिठ्ठी आलेली असते, मोबाइल जप्त झालेला असतो, घरात रडारड होऊन गेलेली असते आणि कुणीतरी इंटरनेटवर लक्षणं शोधून ठेवलेली असतात. अशाच एका मुलाची ही हकिकत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा सांगली भागातल्या एका शाळेत नववीत. सहामाहीत इतिहास घसरला, गणित तर फारच घसरलं. डायरीत शेरे होते : 'वर्गात लक्ष नसते', 'मोबाइल सापडला', पुन्हा 'मोबाइल सापडला'. वडिलांनी मोबाइल कपाटात कुलूप लावून ठेवला होता, पण गृहपाठ शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच येत असल्यानं चार दिवसांत तो परत द्यावा लागला. पुन्हा ठेवला, पुन्हा दिला.

आधी एडीएचडीबद्दल, म्हणजे लक्ष टिकवणं आणि चंचलपणा आवरणं मुलाला सतत कठीण जातं त्या अवस्थेबद्दल. त्याची लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीच दिसायला लागतात आणि ती घर, शाळा, मैदान अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसतात. या मुलाबद्दल चौथीपर्यंतच्या बाईंची एकही तक्रार नव्हती. क्रिकेटच्या सरावाला सरांच्या सूचना तो नीट पाळत होता. शंका असेल तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी जरूर करून घ्यावी, पण इथं मला पहिल्यांदा झोप दिसली. या वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते. हा रात्री एकला झोपून सहाला उठत होता.

दुसऱ्या भेटीला त्यानं आपली कच्ची वही आणली. मागच्या पानावर वर्गाचं वेळापत्रक होतं आणि काही तासांपुढे पेन्सिलीनं ठिपके. मी विचारलं तेव्हा थोडा घुटमळला, मग म्हणाला, "ठिपका म्हणजे त्या तासाला मोबाइल चालतो." विज्ञानापुढे मात्र प्रश्नचिन्ह होतं. "ते सर कधी बघतात, कधी बघून न बघितल्यासारखं करतात. तिथं ट्राय करायला लागतं."

गणिताच्या तासापुढे काहीच नव्हतं.

"गणिताचे सर मारतात?"

"नाही मॅडम. ओरडत पण नाहीत. मोबाइल मागतात, पिशवीत घालतात आणि शिकवायला लागतात. रोजच. कोण पण असू दे. म्हणून तिथं कोणच काढत नाही."

मला या पानातलं ते प्रश्नचिन्ह सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वर्तन मानसशास्त्रात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कामापासून हे नीट माहीत आहे, की एखादी गोष्ट केल्यावर कधी फळ मिळतं, कधी मिळत नाही, अशी स्थिती असली की ती सवय सगळ्यात चिवट होते. विज्ञानाच्या तासाला हा मुलगा धडा ऐकत नव्हता, सरांचा चेहरा वाचत होता. आज चालेल का, आत्ता चालेल का, एवढ्याच हिशेबात पस्तीस मिनिटं जात होती. घरातही तेच. आई नको म्हणायची, आजी हळूच द्यायची, वडील रागात काढून घ्यायचे आणि कामात असले की स्वतःच हातात द्यायचे. अशा मुलाला बेशिस्त म्हणणं मला पटत नाही. मोठ्यांनी नियम जसा वापरला, तसा तो शिकला होता.

ते पान शाळेत दाखवू का, असं मी त्याला विचारलं. तो नको म्हणाला. त्याचं बरोबर होतं; सूट देणाऱ्या बाईंचं नाव स्टाफरूममध्ये फिरलं असतं. म्हणून मुख्याध्यापकांशी बोलताना कुणाचंही नाव न घेता एवढंच सांगितलं, की शाळेत मोबाइलचा नियम एक नाही, जितके शिक्षक तितके आहेत. तिथं एक नेहमीचं वाक्य ऐकू आलं, "छडी गेली, तिथंच शिस्त गेली." २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली, ते योग्यच झालं. त्याच शाळेतले गणिताचे सर आवाजही न चढवता वर्ग सांभाळत होते. त्यांच्याकडे धाक नव्हता, सातत्य होतं.

मग एक नियम ठरला. परिपाठाला मोबाइल वर्गाच्या पिशवीत, शेवटच्या घंटेला परत. शिक्षकांनीही वर्गात मोबाइल काढायचा नाही. ज्याचा सापडेल त्याचा ऑफिसात राहील आणि दुसऱ्या दिवशी पालक घेऊन जातील, मग तो पहिल्या नंबरचा असो वा शेवटच्या. पालकसभेत विरोध झाला तो वेगळ्याच कारणानं. मधल्या सुट्टीत "डबा खाल्लास का?" विचारायला आईलाच फोन करायचा होता! त्यासाठी ऑफिसचा नंबर दिला गेला. गृहपाठ डायरीत लिहून द्यायचं ठरलं. ही सोय केल्याशिवाय घरी मोबाइल काढून घ्या म्हणणं पालकांवर अन्यायच होता. शाळेला असा अधिकार आहे का, असंही एकानं विचारलं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सरसकट बंदी इष्ट नाही असं म्हटलं, पण शक्य तिथं मोबाइल जमा करून घ्यावेत, वर्गात वापरू देऊ नयेत, हेही सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात आईचा फोन आला. मुलानं पिशवीत घरातला बंद पडलेला जुना हँडसेट टाकला होता आणि चालू मोबाइल मोज्यात. "मॅडम, आता तर खोटंही बोलायला लागला. हे सगळं उलटंच पडलं." मी ताईंना सांगितलं, हे होणारच होतं. मिळणारी गोष्ट अचानक थांबली की ती मिळवण्याची धडपड आधी वाढते, मग उतरते. बहुतेक घरं नेमकी याच आठवड्यात माघार घेतात आणि मूल शिकतं, की एवढा हट्ट केला की मिळतं. ठरलं होतं तेच करा, मोबाइल ऑफिसात राहू द्या, दुसऱ्या दिवशी जाऊन घेऊन या आणि वाटेत व्याख्यान देऊ नका.

घरी साडेनऊला सगळ्यांचे मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला, असं ठरलं. वडिलांचा धंदा ट्रान्सपोर्टचा, त्यांना रात्रीही फोन येतात. मग नियमात तेवढं स्पष्ट लिहिलं : पप्पांचा मोबाइल फक्त कॉलसाठी, तोही हॉलमध्येच. आजींना मी स्वतः भेटले. आमच्याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावानं २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली, ते त्यांना ऐकून माहीत होतं. "तिथं म्हाताऱ्यांचं पण बंद?" त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर त्यांनी आपली रात्रीची मालिका साडेनऊच्या आत बसवली. मोठे वगळून केलेला नियम मुलं मानत नाहीत.

महिन्याभरात झोप सुधारली. इतिहासाच्या बाईंनी डायरीत पहिल्यांदा बरा शेरा लिहिला. गणित मात्र तिथंच राहिलं, आणि तिथं तर मोबाइल आधीही निघत नव्हता. मी त्याला साधी उदाहरणं सोडवायला दिली. अपूर्णांकांची वजाबाकी येत नव्हती, छेद समान करताना अडत होता. सातवीतलं ते राहून गेलं होतं, त्यावर नववीचं बीजगणित उभं राहणार कसं? लक्ष नसणं आणि न समजणं बाहेरून सारखंच दिसतं. मोबाइलची कटकट सुरू असती तर हे आणखी वर्षभर दिसलं नसतं. आता गणिताचे सर त्याला शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास अपूर्णांक शिकवतात, मोबाइल तेवढा वेळ पिशवीतच असतो.