सॅटचे कोणते स्कोअर पाठवायचे: पुण्यातल्या एका आईला उत्तर

ताई, तुमचं पत्र सावकाश वाचलं. मिस्टरांची बदली न्यू जर्सीला होतेय, मुलगा पुण्यातच बारावी करून मागून येणार आणि इंजिनिअरिंगचे अर्ज मात्र आत्ताच भरायचेत. त्याच्या हातात सॅट या अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचे मार्चचे 1410 आहेत (गणित 780, वाचन-लेखन 630), ऑगस्टचे 1450 (गणित 750, वाचन-लेखन 700), एसीटी या तशाच दुसऱ्या परीक्षेचे 29, आणि एपी, म्हणजे शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षांत, कॅल्क्युलस बीसीत पाचपैकी 5 आणि फिजिक्समध्ये 3. यातलं काय पाठवू आणि काय ठेवून देऊ, असं तुम्ही विचारलंय. मी न्यू जर्सीतल्या एडिसनला राहून 19 वर्षं झाली, दोन मुलांचे अर्ज याच घरात भरले, तेव्हा जे कळलंय ते सगळं सांगते.

सगळ्या कॉलेजांना एकच गठ्ठा पाठवायचा, ही समजूत आधी काढून टाका. प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा आहे आणि गेल्या पाच-सहा वर्षांत तो फार बदललाय. 2020 मध्ये कोविडमुळे बहुतेकांनी परीक्षा ऐच्छिक केली. मग 2022 मध्ये एमआयटीने ती परत सक्तीची केली, 2024 मध्ये डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक यांनीही तसंच ठरवलं. कोलंबियाने मात्र ऐच्छिकच ठेवली. आणि तुमच्या यादीतलं बर्कली? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कुठल्याच कॅम्पसमध्ये प्रवेश ठरवताना सॅट-एसीटी बघत नाहीत. पैकीच्या पैकी 1600 मिळाले तरी नाही. तिथे शाळेचे मार्क आणि निबंध यांवरच सगळा जोर द्या.

आता मार्च की ऑगस्ट? दोन्ही. स्कोअर चॉइस म्हणून सोय आहे, तिच्यात कुठल्या तारखेचा निकाल पाठवायचा हे आपण ठरवतो. पण एका तारखेतलं फक्त गणित उचलून पाठवता येत नाही, त्या दिवसाचा पूर्ण निकाल जातो. उलट बरीच कॉलेजं सुपरस्कोअर करतात, म्हणजे वेगवेगळ्या तारखांतले चांगले भाग स्वतःच जोडतात. तुमच्या मुलाचे मार्चचे 780 आणि ऑगस्टचे 700 मिळून 1480 होतात. मार्चचे 630 त्यांना दिसतील ही तुमची धास्ती मी समजू शकते, पण ते लपवायला गेलात तर 780 ही जातात, आणि इंजिनिअरिंगला तोच आकडा महत्त्वाचा. जिथे सुपरस्कोअर करत नाहीत, तिथे एकटा ऑगस्ट पाठवा. उद्या यादीत जॉर्जटाऊन आलं, तर तिथे निवडीचा प्रश्नच नाही, ते दिलेल्या सगळ्या परीक्षांचे निकाल मागतात.

एसीटीचे 29 ठेवून द्या. दोन्ही परीक्षांचा जो अधिकृत तुलना-तक्ता आहे, त्यात 29 म्हणजे सॅटचे साधारण 1340. त्याने काही भर पडत नाही.

जिथे स्कोअर देणं ऐच्छिक आहे, त्या कॉलेजांसाठी खरा विचार करावा लागतो. त्या कॉलेजचा कॉमन डेटा सेट, म्हणजे प्रवेशाच्या वगैरे आकड्यांचा ठराविक नमुन्यातला तक्ता, शोधा. बहुतेक कॉलेजं तो दरवर्षी आपल्या साइटवर टाकतात. त्यातल्या सी-9 या भागात प्रत्यक्ष प्रवेश घेतलेल्यांपैकी किती टक्क्यांनी स्कोअर दिला आणि त्यांच्या मधल्या निम्म्या मुलांचा पट्टा कुठून कुठे होता, हे छापलेलं असतं. त्यातली टक्केवारी आधी बघा. चाळीसच टक्क्यांनी स्कोअर दिला असेल, तर तो पट्टा चांगला स्कोअर असणाऱ्यांचाच आहे, कमीवाल्यांनी पाठवलाच नाही. म्हणून आकडा फुगलेला दिसतो आणि आपली मुलं उगाच घाबरतात.

इथले सल्लागार म्हणतात, पट्ट्याच्या मध्याखाली असाल तर पाठवू नका. मला हे आपल्या मुलांसाठी पटत नाही. राज्य मंडळाच्या शाळेतले 88 टक्के म्हणजे नेमके किती चांगले, हे कॉलेजात अर्ज वाचणाऱ्याला कळेलच असं नाही. तिथे 1480 हा त्याच्या ओळखीचा आकडा असतो. डार्टमथने परीक्षा परत आणली तेव्हा त्यांच्याच प्राध्यापकांच्या अभ्यासात हे निघालं होतं, की कमी साधनांच्या घरांतली मुलं असे स्कोअर लपवतात, जे त्यांच्या फायद्याचे ठरले असते. तेव्हा पट्ट्याच्या आत कुठेही बसत असाल, अगदी खालच्या काठावरही, तर पाठवा. पट्ट्याच्या बराच खाली असेल तरच थांबा. एमआयटीत गणिताच्या पट्ट्याचं खालचं टोकच 780 च्या आसपास असतं. तिथे पाठवणं सक्तीचंच आहे, पण त्या एका अर्जावर फार आशा ठेवू नका. जॉर्जिया टेक आणि पर्ड्यू हेही स्कोअर मागतात.

एपीचं सोपं आहे. अर्जात 5 लिहा, 3 लिहायलाच हवेत असं नसतं. फक्त एवढं लक्षात ठेवा, की प्रवेशानंतर अधिकृत एपी रिपोर्ट मागवला की त्यात एरवी सगळेच विषय येतात. तेव्हा अर्जात कुठे "सगळे एपी निकाल द्या" म्हटलं असेल, तर दोन्ही लिहा.

पैशांचंही सांगते. बरीच कॉलेजं अर्जाच्या वेळी आपण स्वतः लिहिलेला स्कोअर चालवून घेतात, अधिकृत रिपोर्ट प्रवेश मिळाल्यावर. दर कॉलेजला पैसे भरण्याआधी हे तपासा. आणि सॅटबरोबर चार रिपोर्ट फुकट मिळतात, तिथे सांभाळा. ते परीक्षेनंतर नऊ दिवसांच्या आत लावावे लागतात, म्हणजे निकाल दिसायच्या आधी. आमच्या थोरलीच्या वेळी मी "फुकट आहे, वाया कशाला घालवायचं" म्हणून चारही नावं भरून टाकली. त्या दिवशी तिला ताप होता. स्कोअर पडला आणि आम्ही बघण्याआधीच तो चार ठिकाणी पोचला. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण मला ते अजून लागतं. तुम्ही त्या रकान्यात फक्त सक्तीचीच कॉलेजं भरा, नाहीतर मोकळा सोडा.

टोफेल, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, द्यायची का? इंग्रजी माध्यम असेल तर पुष्कळ ठिकाणी माफी मिळते, पण ती कॉलेजला विचारून घ्यावी लागते. टोफेलचा निकाल दोनच वर्षं चालतो.

ऑक्टोबरला पुन्हा सॅट द्यावी का, तर ब्लूबुक या सॅटच्या अधिकृत अ‍ॅपमधल्या सराव परीक्षांत वाचन-लेखन 730 च्या वर जात असेल तरच. नाहीतर तो महिना निबंधांना द्या, लवकरच्या अर्जांची तारीख बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबर असते. कॉलेजांची यादी पक्की झाली की मला पाठवा. प्रत्येकाचा सी-9 काढून आपण दोघी फोनवर एकत्र बघू.