निक्सी घड्याळ: ट्यूब सगळ्यात शेवटी बसवा

दादा, आयएन-१४ च्या सहा निक्सी ट्यूब (आत आकड्यांच्या आकाराच्या तारा पेटणाऱ्या काचेच्या नळ्या) हातात आल्या म्हणून लगेच सोल्डरिंग आयर्न तापवू नका. ट्यूब बोर्डावर थेट सोल्डर केली तर चालेल का आणि घरात लहान मुलगी असताना काच कशी सांभाळायची, असं तुम्ही विचारलंत. माझं मत स्पष्ट आहे: ट्यूब सगळ्यात शेवटी, आणि तीही सॉकेटमध्ये. हा सोव्हिएत काळातला माल, आता जुना साठाच फिरतोय. बाकी काही जळलं तर इंदूरच्या महाराणी रोडच्या बाजारात दुसरं मिळेल.

काचेचा फुगा तसा दणकट असतो. नाजूक जागा बुडाशी, जिथे तारा काचेतून बाहेर येतात. तार काचेला लागून वाकवली की बारीक चीर जाते, हवा आत शिरते आणि ट्यूब कामातून जाते. वरून धडधाकट दिसते, म्हणून माणूस सर्किटमध्ये दोष शोधत बसतो. वाकवायचीच असेल तर काचेपासून तीन-चार मिलिमीटर सोडून नोज प्लायरने तार पकडा आणि पकडीच्या पुढचाच भाग बोटाने वळवा. सगळा जोर प्लायरवर यायला हवा. सॉकेटसाठी आयसी बेसच्या गोल पिना सुट्या करून वापरल्या तर या तारा त्यात छान बसतात.

ट्यूब लावण्याआधी बाकीचं सगळं तपासून घ्या. कोणता आकडा पेटवायचा ते ठरवणाऱ्या के१५५आयडी१ या आयसीचे आउटपुट ओपन कलेक्टर असतात, म्हणजे ते फक्त ग्राउंडला जोडतात, स्वतः व्होल्टेज देत नाहीत; त्यामुळे ५ व्होल्टवर एलईडी आणि १ किलोओहम लावून ० ते ९ आकडे नीट फिरतात का ते निवांत बघता येतं. मग १२ व्होल्टवरून १८० व्होल्ट करणारा बूस्ट कन्व्हर्टर. सहा ट्यूबना मिळून साधारण १५ मिलिअँपिअर लागतात, म्हणून ट्यूबऐवजी १२ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावून व्होल्टेज टिकतं का ते पाहा. प्रत्येक ट्यूबच्या ॲनोडला (सगळ्या आकड्यांच्या सामाईक धन टोकाला) स्वतंत्र रेझिस्टर हवाच: पेटल्यावर ट्यूबवर सुमारे १४० व्होल्ट राहतात, उरलेल्या ४० व्होल्टना २.५ मिलिअँपिअरचा हिशेब १६ किलोओहम येतो. मी १८ घालीन. उजेडात फरक जाणवत नाही, ट्यूब मात्र जास्त टिकते.

मुलीच्या दृष्टीने काचेपेक्षा या १८० व्होल्टची काळजी जास्त करा. मेन लाइनवरून थेट रेक्टिफाय करायचं नाही, चांगला १२ व्होल्टचा अडॅप्टरच घ्या. आउटपुट कपॅसिटरला समांतर ४७० किलोओहम लावा. कपॅसिटर ४.७ मायक्रोफॅरडचा असेल तर बंद केल्यावर दहा-बारा सेकंदांत रिकामा होतो. तरी हात लावण्याआधी मीटर लावून बघायचंच. वरून ॲक्रिलिकचा डबा, तोही स्क्रूने आवळलेला, नुसता ठेवलेला नाही. साइनबोर्डवाले हव्या त्या मापाचा कापून देतात. हवेसाठी मागच्या बाजूला भोकं ठेवा, पण बोट जाणार नाही इतकी लहान.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. बोर्डावर फ्लक्स (सोल्डरिंगची चिकट पेस्ट) राहिला असेल तर दमट हवेत तिथून करंट गळतो आणि शेजारचा आकडा फिकट पेटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड घासून पूर्ण वाळवा, मगच ट्यूब लावा.

तासांच्या पहिल्या ट्यूबमध्ये फक्त ०, १, २ पेटतात. न पेटणाऱ्या कॅथोडवर, म्हणजे आकड्याच्या तारेवर, हळूहळू थर बसतो आणि पुढे ते आकडे तुटक दिसू लागतात. म्हणून प्रोग्राममध्येच रोज रात्री काही मिनिटं सगळे आकडे फिरवायची सोय करा.