‘प्रभुभोजन घ्यायची माझी लायकी नाही’

नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणारे पंचेचाळिशीचे गृहस्थ. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) लहानपणापासून मंडळीत (चर्चमध्ये) वाढलेले, रविवारी उपासनेला हजर. पण गेले १४ महिने प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याची वेळ आली की मागच्या बाकावरून हळूच उठायचे आणि बाहेर गाडीपाशी थांबायचे. मला म्हणाले, “ताई, एक महिना चूक न होता गेला ना, की घेईन.”

चूक म्हणजे दहावीतल्या मुलावर आरडाओरडा. एकदा हातही उचलला होता. खिशातल्या छोट्या वहीत रोजचा हिशेब असायचा. एका पानावर सलग ९ तारखा कोऱ्या, दहाव्या तारखेपुढे फुली आणि खाली लिहिलेलं, ‘पुन्हा एकपासून’.

आधी सुधारतो, मग देवाजवळ येतो, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. इथे क्रमच उलटा लागलेला असतो. नाशिकच्याच शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनने वसवलेल्या त्या शरणपुरात गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं आली. त्यांनाही आसरा आधी मिळाला, शिक्षण आणि हातातला धंदा नंतर.

या गृहस्थांना अडवत होतं ते बायबलमधलं, पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं वचन, १ करिंथ ११:२७. तिथे ‘अयोग्य प्रकारे’ खाण्याबद्दल लिहिलं आहे, अयोग्य माणसाबद्दल नाही. करिंथात एकत्र भोजनाच्या वेळी काहीजण आधीच जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. पौल रागावला तो त्यावर. पुढच्याच वचनात आत्मपरीक्षा करून मग खावं, असं आहे. परीक्षा करून उठून जावं, असं नाही.

मग लूक १५ काढलं, घर सोडून गेलेला मुलगा बापाकडे परत येतो ती येशूची गोष्ट. धाकटा मुलगा निघण्याआधी बोलायची वाक्यं ठरवतो ती १९व्या वचनापर्यंत, आणि बापासमोर बोलतो ते २१व्यात. दोन्हींवर बोट ठेवून मोठ्याने वाचायला सांगितलं. ‘मला मोलकरी म्हणून ठेवा’ हे वाक्य बापासमोर येतच नाही. त्याआधीच बाप झगा, अंगठी, जोडे आणायला सांगतो. आणि लक्षात घ्या, ‘मी योग्य नाही’ हे मुलाचं म्हणणं बाप खोडून काढत नाही. म्हणूनच अशा माणसाला ‘अहो, तुम्ही चांगलेच आहात’ म्हणून समजावणं वाया जातं. त्याला स्वतःची चूक पक्की ठाऊक असते. कृपेसाठी ती नाकारावी लागत नाही.

वही बंद केली नाही, तिचं काम बदललं. रात्री एकदाच, ५ मिनिटं, तीन ओळी: कुणाला दुखावलं, नेमकं काय केलं, उद्या त्याला काय म्हणणार. मग प्रार्थना आणि वही बंद. मुलाची माफी मागताना ‘पण’ वापरायचा नाही. “चुकलो, पण तू अभ्यास केला असतास तर...” म्हटलं की माफी तिथेच संपते. हात उचलणं मात्र त्या दिवसापासून पूर्ण बंद. कृपा हे मारण्याचं पांघरूण नव्हे.

दुसऱ्या आठवड्यात अडलं. “मनापासून झाली नाही” म्हणून ते एकाच रात्री पाच वेळा कबुली देऊन बसले. पाप कबूल केलं तर देव क्षमा करतो, असं सांगणाऱ्या १ योहान १:९ मध्ये भरवसा देवाच्या विश्वसनीयतेवर आहे, आपल्या रडण्यावर नाही. पत्नीलाही सांगितलं, “देवाने क्षमा केली असेल ना?” या प्रश्नाला पुन्हा पुन्हा ‘हो’ म्हणू नका. दहा मिनिटं बरं वाटतं, मग शंका आणखी जोर धरते.

अशा कबुलीत आणि शंकेत रोज तासाभराहून जास्त वेळ जात असेल, झोप किंवा काम बिघडत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं. तो ओसीडीचा (तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होत राहण्याच्या आजाराचा) धार्मिक प्रकार असू शकतो. थेरपीने आणि गरज पडल्यास औषधाने आटोक्यात येतो. विश्वास कमी पडल्याचं ते लक्षण नाही. पाळक (मंडळीचे धर्मगुरू) आणि डॉक्टर दोघेही लागतात.

यांच्यावर ती वेळ आली नाही. पाळकांशी बोलून पुढच्या महिन्यात त्यांनी प्रभुभोजन घेतलं. त्याच आठवड्यात गणिताच्या पेपरवरून पुन्हा आवाज चढला. वहीत त्या तारखेला तीन ओळी आहेत. ‘पुन्हा एकपासून’ नाही.