चष्म्याचा नंबर तपासला, पण डोळ्याचा पडदा बघितला का?

मधुमेह आणि डोळे या विषयावर आलेल्या प्रश्नांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. नंबर तपासला की डोळे तपासून झाले, असं बहुतेकांना वाटतं. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देत आहे.

प्रश्न : वय ५२, मधुमेह ८ वर्षांपासून. लांबचं-जवळचं स्वच्छ दिसतं. चष्म्याच्या दुकानात दरवर्षी कॉम्प्युटरवर मोफत तपासणी करून घेतो. तरी डॉक्टर ‘पडदा दाखवून या’ म्हणतात. खरंच गरज आहे का?

आहे, आणि ही तपासणी ८ वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती. दुकानातलं यंत्र फक्त नंबर काढतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) काय चाललंय हे त्याला कळत नाही. ‘मोफत नेत्रतपासणी’ची पाटी चष्मा खपवायला लावलेली असते. चष्मा खुशाल तिथून घ्या, पण ती मधुमेहाची तपासणी समजू नका.

साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पडद्यावरच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. आधी त्यांना टाचणीच्या टोकाएवढे फुगे येतात. मग त्यातून पाणी आणि चरबी झिरपते, कुठे रक्ताचे ठिपके पडतात. काही वाहिन्या बंद पडतात आणि त्या भागाला प्राणवायू मिळेनासा होतो. उपासमार झालेला पडदा नव्या वाहिन्या उगवतो, पण त्या इतक्या ठिसूळ असतात की फुटून डोळ्यात रक्त साचतं किंवा पडदाच ओढून सुटतो. पडद्याच्या मधल्या भागाला सूज येईपर्यंत किंवा रक्त सांडेपर्यंत तुम्ही तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचू शकता. दुखत नाही, लाल होत नाही, चिकटत नाही. ‘दिसतंय ना व्यवस्थित’ म्हणून थांबणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं. लेझर असो वा डोळ्यात द्यायचं इंजेक्शन, उरलेली नजर राखणं सोपं असतं, गेलेली परत आणणं फार अवघड.

टाइप २ मधुमेहात निदान झालं की लगेच पडदा तपासायचा, कारण निदानाआधी काही वर्षं साखर वाढलेली असू शकते. टाइप १ मध्ये ५ वर्षांच्या आत पहिली तपासणी. त्यानंतर दरवर्षी, आणि बदल दिसले तर डॉक्टर सांगतील तितक्या लवकर. थेंब टाकून बाहुली मोठी करतात, अर्धा तास थांबावं लागतं, मग भिंग आणि दिव्याने पडदा पाहतात. सूज वाटली तर ओसीटी हा स्कॅन काढतात. त्यात पडद्याचे थर उभे कापल्यासारखे दिसतात आणि जाडी मायक्रॉनमध्ये मोजता येते. जाताना एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), रक्तदाब आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) यांचे कागद सोबत न्या.

घरी एवढं करा. आठवड्यातून एकदा जवळचा चष्मा लावून, एक डोळा तळहाताने झाकून, भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटींकडे वाचायच्या अंतरावरून बघा. मग दुसऱ्या डोळ्याने. रेघ वाकडी दिसली, एखादी तारीख पुसट झाली, तर त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलंत तर चांगला डोळा दुसऱ्याचा दोष झाकतो. रेघा सरळ दिसल्या म्हणून वार्षिक तपासणी मात्र चुकवू नका.

प्रश्न : बाहुली मोठी केल्यावर स्कूटर चालवत घरी येऊ का?

नाही. ४ ते ६ तास धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. कुणाला तरी सोबत न्या.

प्रश्न : सहा महिन्यांत दोनदा नंबर बदलला. चष्मा चुकीचा बनवला का?

बहुधा नाही. साखर वरखाली झाली की डोळ्यातल्या भिंगातलं पाणी कमीजास्त होतं आणि नंबर सरकतो. साखर ४ ते ६ आठवडे स्थिर राहिल्यावरच नवा चष्मा करा. तोवर पडदा मात्र तपासून घ्या.

प्रश्न : मोबाइलवर आलंय की मध आणि गुलाबपाणी डोळ्यात टाकलं, रोज गाजराचा रस प्यायला, तर पडदा सुधारतो.

सुधारत नाही. डोळ्यात टाकलेला मध पडद्यापर्यंत पोहोचत नाही, आणि निर्जंतुक नसलेली कुठलीही वस्तू बुबुळाला जंतुसंसर्ग करू शकते. रसाने साखर वाढते, गाजर चावून खा. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले ड्रॉपही नकोत. त्यात स्टिरॉइड असलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

प्रश्न : आईच्या पडद्याला सूज होती. एका इंजेक्शनने बरं दिसतंय. पुढची टाळली तर?

टाळू नका. औषधाचा असर काही आठवड्यांत उतरतो आणि सूज परत येते. सुरुवातीला साधारण महिन्याला एक, मग ओसीटी पाहून अंतर वाढवतात. दरमहा येणं जमणार नसेल किंवा खर्च झेपत नसेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. कमी किमतीची औषधं आहेत, काही रुग्णांत लेझर अधिक सोयीचं ठरतं. मध्येच न सांगता थांबणं सगळ्यात वाईट. इंजेक्शननंतर दुखणं वाढलं, डोळा लाल होऊन नजर कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

प्रश्न : एचबीए१सी ११ आहे. इन्सुलिन सुरू करून महिनाभरात ७ वर आणू का?

आणायची आहेच, पण आधी पडदा दाखवा. फार झपाट्याने साखर उतरली तर आधीपासून बिघडलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. तेवढ्यासाठी इन्सुलिन मात्र थांबवायचं नाही. वेग किती आणि डोळ्यांची तपासणी कधी, हे दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवावं. रक्तदाब सहसा १३०/८० च्या खाली हवा, आणि तंबाखू-मशेरी बंद.

प्रश्न : मधुमेह आहे, तिसरा महिना सुरू आहे. डोळे बाळंतपणानंतर दाखवू?

आत्ता दाखवा. गरोदरपणात पडद्याचा आजार वेगाने वाढू शकतो. पुढची तपासणी कधी, ते तिथेच ठरेल. गरोदरपणातच पहिल्यांदा साखर वाढली असेल, तर ही तपासणी सहसा लागत नाही, तरी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : काल रात्रीपासून एका डोळ्यापुढे काळे धागे तरंगतात, कोपऱ्यात सावली आहे. सोमवारपर्यंत थांबू का?

थांबू नका. रक्तस्राव असेल किंवा पडदा सुटत असेल. आजच पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. ते जवळ नसतील तर जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात जा. स्वतः गाडी चालवू नका. वजन उचलू नका, वाकून काम करू नका, आडवं व्हायचं तर उशा लावून डोकं उंच ठेवा. रक्तामुळे पडदा दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी करतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, चिठ्ठी सोबत न्या.