पाळीच्या तोंडावर काटा वर का जातो?

‘तीन आठवडे तोंड बांधून राहिले, वजन उतरलं आणि पाळी जवळ आली तसं होतं तिथं परत आलं.’ आहाराच्या सल्ल्याला येणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींच्या बोलण्यात हे कधी ना कधी येतंच. पुढचा प्रश्नही ठरलेला, ‘मग डाएट करून उपयोग काय?’

जुळे सोलापुरातून आलेल्या एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. वय छत्तीस, दोन मुलं, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेबाचं काम. हिशेबाची सवय म्हणून रोज सकाळी वजन करून वहीत लिहायच्या. दिवाळीनंतर सुरुवात केली तेव्हा ७४.२ किलो. तीन आठवड्यांत ७२.७. मग चारच दिवसांत ७४.१. त्या दिवशी रात्रीचं जेवण बंद केलं, दुसऱ्या दिवशी सकाळचा नाश्ताही गेला, आणि रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दोन शेंगापोळ्या आणि कडक भाकरी चुरून शेंगाचटणी-दही. ‘माझ्यात कंट्रोलच नाही ओ मॅडम,’ त्या म्हणाल्या. नवरा म्हणाला होता, ‘तुझ्याच्यानं व्हायचं नाही.’ ते वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं.

मी पाळीची तारीख विचारली. अडचण दोन दिवसांवर आली होती. वहीत वजनाच्या शेजारी ती तारीख कुठेच नव्हती.

आधी त्यांच्याच भाषेत हिशेब मांडला. एक किलो चरबी साठायला साधारण ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. १.४ किलो म्हणजे १०,८०० च्या आसपास. आपल्याकडची मोठी ज्वारीची भाकरी सव्वादोनशे कॅलरींची धरली, तर चार दिवसांत नेहमीच्या जेवणावर आणखी पन्नासेक भाकऱ्या खायला हव्यात. ‘एवढ्या खाल्ल्यात का?’ त्या हसल्या. म्हणजे काट्यावर दिसत होतं ते मुख्यतः पाणी, आणि साफ न झालेलं पोट. खरं तर पहिल्या आठवड्यात भराभर उतरलेल्या वजनातही बरंचसं पाणीच असतं, पण त्याबद्दल कोणी तक्रार घेऊन येत नाही.

बीजांड सुटल्यानंतर, म्हणजे पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधीपासून, शरीरात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढू लागतं. अंगाचं तापमान अर्ध्या अंशाच्या आत-बाहेर वर जातं, आतड्यांची हालचाल मंदावते, पोट फुगतं, शौचाला कडक होते. काहींच्या अंगात पाणीही साचतं. अंगठी घट्ट होते, स्तन जड होतात. हे साचणं बऱ्याचदा पाळीच्या पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि पुढच्या काही दिवसांत उतरतं. अर्धा ते दोन किलोचा चढउतार यात सहज होतो. काहींना काहीच जाणवत नाही, आणि तेही नॉर्मलच. त्यात पापड, लोणचं, खारी असं मिठाचं खाणं वाढलं की पाणी आणखी धरतं. शेंगाचटणीला मी नावं ठेवणार नाही, सोलापुरात राहून ते शोभणार नाही. पण विकतच्या चटणीत मीठ हात सैल सोडून घातलेलं असतं, म्हणून त्या आठवड्यापुरती घरी कुटलेली बरी.

भुकेचंही तसंच. बीजांड सुटण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन जोरात असतं आणि भूक जरा दबलेली असते. पुढच्या टप्प्यात ती उघडते. रोजच्या खाण्यात सरासरी शे-दोनशे कॅलरींची भर पडते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे, काहींत फरक फार थोडा निघाला. शरीर त्या दिवसांत किंचित जास्त ऊर्जा खर्च करतं, पण ‘आता कितीही खाल्लं तरी जिरतं’ असं समजू नये. एवढी भर म्हणजे एक शेंगापोळी. महिन्यातून काही दिवस एक पोळी जास्त गेली म्हणून कोणाचं डाएट बुडत नाही.

बुडतं ते नंतरच्या शिक्षेनं. या ताई दिवसभर चहावर आणि अर्ध्या भाकरीवर काढत होत्या, तेही भूक सगळ्यात जास्त असण्याच्या आठवड्यात. रात्री अकराच्या पोळ्यांना प्रोजेस्टेरॉनपेक्षा दुपारचा रिकामा डबा जास्त जबाबदार होता, असं माझं मत आहे. नवऱ्याचं वाक्यही त्यात आलंच.

मग ठरवलं ते एवढंच. पाळीआधीच्या सात-आठ दिवसांत वजन कमी करायचा हट्ट नाही, आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ. डब्यात पूर्ण भाकरी, मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, दही. पाच वाजता कारखान्यात चहा-खारीऐवजी फुटाणे किंवा उकडलेलं अंडं आणि ताक. शेंगापोळी खायची तर जेवणासोबत, ताटात वाढून, एक. वजन रोज केलं तरी चालेल, पण तुलना पाळीच्या सहाव्या दिवसाची मागच्या पाळीच्या सहाव्या दिवसाशीच. मधले आकडे नुसते लिहून ठेवायचे.

डिसेंबरच्या पाळीत सहाव्या दिवशी ७२.५ आलं.

जानेवारीत घोळ झाला. बारा तारखेच्या सुमारास पाळी, आणि संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. घरी पाहुणे, नंदीध्वजांची मिरवणूक. सासूबाईंनी मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणवल्या. आपल्याकडे हे इतकं सर्रास चालतं की बायका औषधांच्या यादीत ते सांगतही नाहीत. या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं, प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणारं. म्हणजे पाळीआधीची ती फुगलेली अवस्था आणखी काही दिवस लांबते. काटा ७३.८ वर गेला आणि फोन आला, ‘मॅडम, आता तर पाळी पण आली नाही अन् वजन वाढलं!’ गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी आली, सहाव्या दिवशी ७२.१. देवाला जायचं की नाही यात मी पडत नाही, तो त्यांच्या घरचा प्रश्न. पण ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ज्यांना कधी रक्ताची गुठळी झाली आहे किंवा यकृताचा त्रास आहे, त्यांनी तर नाहीच.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. पाळीनंतर त्यांना पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटायची. मुलाच्या दप्तरातल्या पेन्सिली संपत होत्या. गोडाची इच्छा आणि ही इच्छा एक नव्हे. पेन्सिल, खडू, माती, कच्चे तांदूळ, बर्फ खावासा वाटणं हे बऱ्याचदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं, ९.८ निघालं. बाईचं १२ च्या खाली असलं की रक्तक्षय धरतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये तो आढळला होता. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. माझ्याकडून भर एवढीच, की जेवणाला लागून चहा नको आणि उसळीवर लिंबू पिळा. डाएटच्या नावाखाली डाळी-उसळी कमी करणाऱ्या बायकांचा थकवा ‘वजन जास्त म्हणून’ खपवला जातो, याचा मला राग येतो.

फेब्रुवारीत सहाव्या दिवशी ७१.२ होतं. पाळीच्या आदल्या दिवशी ७२.६ झालेलं, पण त्याबद्दल फोन आला नाही.

सगळ्याच वाढीला पाळीचं कारण लावू नये. पाळी होऊन गेल्यावरही वजन उतरत नाही आणि महिन्यामागून महिना चढतच राहतं, पाळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांनंतर येते, तीन महिने आलीच नाही, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं, किंवा पाळीआधी मन इतकं बिघडतं की जगणं नकोसं वाटतं, तर आधी डॉक्टर. थायरॉइड, पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास), गरोदरपण यातलं काहीही असू शकतं. फार कमी खाऊन पाळी बंद पडलेल्या मुलीही माझ्याकडे येतात, आणि त्यांच्या आया वजन उतरलं म्हणून खूश असतात. त्यांना मी पहिल्या भेटीत वजनकाटा कपाटात ठेवायला सांगते.