कोड छापला, पण स्कॅन कोणी करेना

प्रश्न : आमचा घरगुती वस्तूंचा छोटा व्यवसाय आहे. नव्या माहितीपत्रकावर क्यूआर कोड छापला, खाली ‘रीडर अ‍ॅप डाउनलोड करून स्कॅन करा’ असंही लिहिलं. प्रतिसाद जवळजवळ नाहीच. डिझायनर म्हणतो, कोड रंगीत करून मधे लोगो टाकू. फरक पडेल?

उत्तर : आधी ती अ‍ॅपची ओळ काढा. २०१७मध्ये आयओएस ११ आल्यापासून आयफोनचा कॅमेराच कोड वाचतो आणि अँड्रॉइडच्या बहुतेक फोनांतही ती सोय आहे. तुमचं पत्रक वाचायला कोणी वेगळं अ‍ॅप कशाला घेईल? शिवाय फुकटची रीडर अ‍ॅप्स जाहिरातींनी बुजबुजलेली असतात. ती गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नका.

आता डिझायनरचं. मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कोड १९९४मध्ये जपानमध्ये बनवला तो मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन पाहा. त्यांच्यावरून आडवी रेघ मारली की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण १:१:३:१:१ येतं. छापील मजकुरात हे प्रमाण सहसा सापडत नाही, म्हणून त्यांनी ते मुद्दाम निवडलं. कॅमेरा आधी हे चौकोन शोधतो, त्यामुळे त्यांना नक्षीचा हात लावायचा नाही.

मधे लोगो चालतो, कारण कारखान्यातली मळ-तेलाची बोटं गृहीत धरून कोडमध्ये दुरुस्तीची सोय ठेवली आहे. तिच्या चार पातळ्या असतात : साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी माहिती वाचता येते. पण लोगो ही तुम्ही स्वतःच केलेली खराबी आहे. त्यावर चुरगळलेल्या कागदाची भर पडली की संपलं. लोगो हवाच असेल तर सर्वांत वरची पातळी घ्या आणि लिंक छोटी ठेवा. लांबलचक पत्ता भरला की ठिपके वाढतात (२१ बाय २१पासून थेट १७७ बाय १७७पर्यंत) आणि बारीक छपाईत ते एकमेकांत मिसळतात. कोडभोवती चार ठिपक्यांइतकी कोरी जागा लागते. डिझायनर मंडळी नेमकी तीच कापतात. गडद पार्श्वभूमीवर फिका कोड तर नकोच, अनेक फोन तिथे अडतात. आकाराचा ठोकताळा सोपा : जितक्या अंतरावरून स्कॅन होणार, त्याच्या दहावा भाग.

पण खरं सांगू? एवढं सगळं नीट केलंत तरी प्रतिसाद वाढेलच असं नाही. ‘स्कॅन करा’ ही नुसती आज्ञा झाली. गिऱ्हाइकाने खिशातून फोन का काढावा? ‘जोडणीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहा’ किंवा ‘सुटा भाग इथून मागवा’ असं लिहा आणि कोडमागे तेच उघडू द्या. वेबसाइटच्या मुख्य पानावर नेऊन सोडलंत, किंवा बोटांनी ताणून वाचावी लागणारी पीडीएफ उघडली, की माणूस गेलाच म्हणून समजा. आणि पत्रकाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असाल तर सोबत साधी लिंक द्या. ज्या फोनवर कोड दिसतोय त्याच फोनने तो स्कॅन कसा करायचा, हा विचार अजूनही फारसा कोणी करत नाही!

प्रश्न : मोफत साइटवर कोड बनवून पॅकिंगवर छापला. काही महिन्यांनी तो उघडेनासा झाला. कोडला मुदत असते का?

उत्तर : कोडला नसते, मधल्या दुव्याला असते. तुम्हाला मिळाला तो बहुधा डायनॅमिक कोड. त्यात तुमचा पत्ता नसून त्या साइटचा पत्ता असतो आणि ती साइट लोकांना तुमच्याकडे वळवते. मोफत मुदत संपली की वळवणं बंद. तो कोड वाईट नाही. छपाईनंतर पान बदलता येतं, किती स्कॅन झाले तेही कळतं. फक्त वळवणारा पत्ता स्वतःच्या डोमेनवर घ्या. पॅकिंग, पोस्टर, बिल यांसाठी वेगळ्या लिंका ठेवल्यात तर कुठून कोण आलं ते आपोआप कळेल. छापलेला माल शिल्लक असेल तर नव्या कोडचं स्टिकर लावा, पण खाली वेबसाइटचा पत्ता अक्षरांतही छापा. कोडवर भलताच कोड चिकटवून फसवणारे असतात, म्हणून उघडलेला पत्ता गिऱ्हाइकाला पडताळून पाहता आला पाहिजे.